मैलकुलीचा मुखवटा

किसन पेंटर गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरने दिली, तीही तिकीट फाडता फाडता. शाळा सुटल्यावर हिंगोलीच्या स्टँडवर नेहमीच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. तो म्हणाला, "बाळापूरचा पेंटर गेला म्हने परवा. शिडीवरून पडला. तुमच्या वळखीचा होता ना, सर?" मी हो म्हणालो आणि तिकीट खिशात ठेवलं. ओळखीचा... ज्या माणसाबरोबर तीन-साडेतीन वर्षं रोजची संध्याकाळ घालवली आणि ज्याच्याशी त्यापुढची तीन वर्षं एक शब्द बोललो नाही, त्याला ओळखीचा म्हणायचं की आणखी काही, हे मला सुचेना. खरं सांगायचं तर आधी रडू आलंच नाही, राग आला. एका जिनिंगच्या उंच भिंतीवर पुरुषभर मापाची अक्षरं काढायला हा गडी शिडी धरायला कोणाला न घेता चढला होता. यावरून मी त्याच्याशी कितीदा भांडलो असेन. त्याचं म्हणणं एकच, खाली कोणी उभं राहून वर बघत असलं की अक्षर बिघडतं. तिशी नुकतीच ओलांडली होती त्याने. बिघडलं असतं एखादं अक्षर तर बिघडलं असतं, त्याने काय जिनिंगचा कापूस परत गेला असता?

आज सव्वा महिन्याने लिहायला बसलो तरी तो राग उतरलेला नाही, फक्त त्यातला बराचसा आता माझ्याकडे वळलाय. किसन तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. आखाडा बाळापूरच्या किंवा कळमनुरीच्या बाजारात कधी गेला असाल तर त्याची अक्षरं तुम्ही वाचली आहेत : किराणा भुसार, सायकल दुरुस्ती, येथे थुंकू नये. पण त्याने आणखी एक काम केलं होतं, जे तुम्ही पाहिलेलं नाही, आणि ते माझ्यामुळे पाहिलेलं नाही. त्याने एका चित्रकथेचा नायक जन्माला घातला होता. त्या नायकाचं नाव होतं मैलकुली.

मैलकुली म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. सडकेच्या खात्यात एकेका मैलाला एक माणूस नेमलेला असतो. खड्ड्यात मुरूम टाकायचा, कडेचं गवत काढायचं, मोऱ्या साफ ठेवायच्या, पाऊस झाला की पूल बघून यायचा. एक पाटी, एक फावडं, एक लाल झेंडी. किसनचे वडील सटवाजी आमच्या गावाबाहेरच्या मैलावर मैलकुली होते. त्यांचं घर बौद्धवाड्यात, आमचं मारुतीच्या देवळामागे, आणि माझे वडील तहसील कचेरीत कारकून. पुढे किसनशी ओळख झाल्यावर सटवाजींना मी मामा म्हणायचो. त्यांच्या घरी गेल्यावर म्हणायचो, सडकेवर चार लोकांत भेटले तर नुसताच हसायचो. मला कोणी तसं शिकवलं नव्हतं, माझं मीच सांभाळून होतो.

या नायकाचा जन्म मी स्वतः पाहिला, आणि पाहताना शिव्या देत होतो. मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी पाऊस झाला तो सगळा एकदमच झाला. मी नुकताच बी.ए. झालो होतो आणि कळमनुरीला एका शाळेत मुलाखतीसाठी सायकलवर निघालो होतो. ओढ्यावरच्या दगडी पुलाच्या अलीकडे सटवाजी रस्त्याच्या मधोमध उभे. एका हातात झेंडी, दुसरा हात पंजा उघडा करून वर केलेला. कमानीला सकाळी तडा दिसला म्हणे, आता कोणीही पुलावर जायचं नाही. पाणी कमानीखालून चाललं होतं, वरून पूल ठणठणीत दिसत होता. मी विनवलं, मग तावातावाने बोललो, मग नको ते बोललो. त्यांनी हात खाली घेतला नाही. बैलगाड्या थांबल्या, एक ट्रक थांबला, दुपारी एका साहेबाची जीप आली तीही थांबली. साहेब खाली उतरून त्यांच्या अंगावर ओरडला. सटवाजी ऐकून घेत राहिले, हात तसाच. देवीच्या वणांनी भरलेला चेहरा, डावा डोळा जन्मतःच बारीक, डोक्याला खाकी फडकं... तो चेहरा मी त्या दिवशी सलग पाच तास पाहिला आहे. मुलाखत बुडाली. आणि संतापाची गोष्ट अशी की तो पूल पडलाच नाही. खात्याचा माणूस येऊन बघून गेला, काही नाही म्हणाला, रस्ता सुरू झाला. पूल आजही उभा आहे. सटवाजींना पंधरा दिवस घरी बसवलं आणि गावाला महिनाभर हसायला विषय मिळाला.

काही दिवसांनी आमच्या वाचनालयाची पाटी करून घ्यायला मी किसनच्या टपरीत गेलो. त्याला तोंडओळखीपलीकडे मी ओळखत नव्हतो. तिथे निवडणुकीच्या एका उरलेल्या पोस्टरच्या पाठीवर चित्र काढलेलं होतं. एक माणूस पंजा वर करून उभा, समोर जीप अशी थांबलेली की मागची दोन चाकं हवेत, आणि जीपच्या मागे सायकलवर एक किडकिडीत पोरगं, तोंड उघडं. मी विचारलं, हा मी का? तो कुंचला न थांबवता म्हणाला, "व्हय. तुमी लई बोलून राहिले होते म्हने. बापानं सांगितलं." मला हसू फुटलं, तोही हसला, आणि त्या संध्याकाळपासून आम्ही जे बसायला लागलो ते बसलोच. तुमीचं तू व्हायला आठवडासुद्धा लागला नाही.

नांदेडच्या स्टेशनवर रद्दीवाल्याकडे फाटक्या मुखपृष्ठांची इंग्रजी चित्रपुस्तकं मिळायची. ती मी आणायचो, मोडक्या मराठीत त्याला वाचून दाखवायचो. उडणारे, भिंतीवर चढणारे, विजारीवर चड्डी घालणारे. किसन चित्रं फार बारकाईने बघायचा, सावली कुठे टाकलीय, मूठ कशी काढलीय, आणि गोष्टीवर मात्र तोंड वाकडं करायचा. उडणाऱ्या गड्याला उडायला शहर लागतं, तो म्हणायचा, इथं उडून तो जाईल कुठं, कळमनुरीला? आपल्याला आपला पाहिजे. आपला कोण, हे त्याचं आधीच ठरलेलं होतं.

मग आमची भांडणं सुरू झाली. चित्र त्याचं, शब्द माझे, आणि गोष्ट कोणाची हे कधी ठरलंच नाही. नायकाला शक्ती मिळते कुठून? मी म्हणालो, वीज पडते. नाहीतर डोंगरातला एखादा साधू अंगारा देतो. किसनने कुंचला खाली ठेवला. "साधूनं दिली म्हनजे मोठा साधू झाला. ह्याचं काय?" बरं, मग कुठून? तर म्हणे, तो रोज सकाळी सडकेवर असतो, म्हणून. एवढंच. पंचवीस वर्षं एकच मैल झाडला, बुजवला, पाहिला, की त्या मैलाला त्याचं ऐकावं लागतं. त्याने हात वर केला की त्या मैलात जीप थांबते, पूर थांबतो, कोणाच्या पाठीवर पडणारी काठी वरच्या वर थांबते. तो कोणाला मारत नाही, फक्त थांबवतो. आणि मैलाचा दगड ओलांडला की संपलं, तो हात नुसता हात. मी कपाळाला हात लावला. एका मैलापुरताच चालणारा वीर जगात कोणी ऐकलाय? वाचकाने काय त्याच्या मैलात राहायला जायचं?

दुसरी गोष्ट त्याने काढली ती याच मुद्द्यावर, बहुतेक मला चिडवायलाच. मैलकुलीच्या बहिणीचं गाव दोन कोसांवर, तिच्या गोठ्याला आग लागते. हा धावत सुटतो, दगड ओलांडतो, आगीपुढे हात वर करतो. आग थांबत नाही. मग तो बादली उचलतो आणि विहिरीपासून गोठ्यापर्यंत लागलेल्या रांगेत इतरांसारखा उभा राहतो. शेवटच्या चित्रात रांगेतली सगळी माणसं सारख्या मापाची काढली होती, त्यात तो कोणता हे शोधावं लागायचं. मी म्हणालो, हा कसला शेवट, लोक पुस्तक फेकून देतील. आता कळतं की मी आयुष्यात लिहिलेल्या सगळ्या ओळींपेक्षा ते एक चित्र शहाणं होतं. तेव्हा मात्र मी त्याला अडाणी म्हणालो होतो.

तिसऱ्या गोष्टीचा विषय त्याला खात्यानेच पुरवला. आमच्याकडे मैलांचे दगड उशिरा बदलले. जुने उपटून किलोमीटरचे रोवायला माणसं आली तेव्हा किसन दोन दिवस बेचैन होता. मैल मोठा, किलोमीटर लहान, म्हणजे त्याच्या नायकाचा मुलूख निम्म्याच्या आसपास येणार. नवा दगड रोवला जातो आणि एका म्हातारीचं खोपट चार पावलांनी हद्दीबाहेर जातं, अशी ती गोष्ट. नवा दगड मामा स्वतःच रोवत होते हे त्याने सडकेवर जाऊन पाहिलं होतं. मला ती गोष्ट शब्दांत बसवता येईना. मी म्हणालो, मैल आणि किलोमीटरचं गणित पोरांना कळणार नाही, आणि ती अर्धीच राहिली.

पण सगळ्यांत मोठं भांडण पुलाचं. पहिल्या गोष्टीत तो माणसांना दिवसभर अडवतो. माझं म्हणणं, शेवटी पूल पडला पाहिजे, नाहीतर अडवलं कशाला? किसन म्हणायचा, पडणार नाही. न पडल्यामुळे लोक त्याला हसतात, आणि दुसऱ्या दिवशी तो परत सडकेवर येतो, तिथे त्याची ताकद दिसते. मी म्हणायचो, ताकद नाही, बावळटपणा दिसतो. एकदा तो कुंचला धुता धुता म्हणाला, "पडला असता तं बापाला समदे भले म्हनले असते. न्हाई पडला तरी तो बराबर होता. मला हेच काढायचं हाय." मी नाद सोडला. पूल उभा राहिला आणि बत्तीस पानं पुरी झाली.

आता माझा भाग. मला नोकरी लागली होती, नाव छापून यावं ही खाज होती, आणि ती बत्तीस पानं टपरीत रंगाच्या डब्यांखाली पडून होती. किसनला विचारून मी ती पुण्याला घेऊन गेलो. मुलांची पुस्तकं काढणारे एक प्रकाशक, सभ्य माणूस, चहा पाजला, पानं एकेक करून पाहिली. चित्रकाराचा हात चांगला आहे म्हणाले, पण... आणि त्या पणपुढे सगळं होतं. एका मैलाचा वीर कोण विकत घेईल, त्याला देशभर फिरवा. मैलकुली हे नाव नको, महावेग करू. मूळचा राजघराण्यातला दाखवा, लहानपणी हरवलेला, साधूने वाढवलेला. पूल पाडा, दोन पानं भरून पाडा. नायकाने मारामारी केली पाहिजे. आणि चेहरा झाका, मुखवटा घाला, गुप्त वीर म्हटलं की पोरं वेडी होतात. चित्रं त्यांचा माणूस नव्याने काढणार. मी तिथे बसून एकेका गोष्टीला मान डोलावत गेलो. मनाशी हिशेब असा की एकदा छापून तर येऊ दे, पाय आत शिरू दे, पुढच्या अंकात मुखवटा काढू, मैल परत आणू. पुढचा अंक निघाला नाही. असले पुढचे अंक कधी निघत नाहीत, हे मला कळायला हवं होतं.

पुस्तक आलं तेव्हा पार्सल फोडलं ते थेट किसनच्या टपरीत. मुखपृष्ठावर महावेग, काळा मुखवटा, खाली लेखक म्हणून माझं नाव. किसनचं नाव कुठेच नाही, कारण चित्रं त्याची नव्हती. त्याने हात पुसले, स्टुलावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. मी बाजूला उभा राहून समजावत होतो, पुण्याचा बाजार काय आहे, पहिल्या पुस्तकाला पडतं घ्यावं लागतं. तो एवढंच म्हणाला, "पूल पाडला." मग मुखपृष्ठावर बोट ठेवून, "तोंड काहून झाकलं? चोर हाय का तो?" मी म्हणालो, गोष्टीत तसं असतं. तो म्हणाला, आपल्या गावात मुखवटा घालून कोणी फिरला तर चालीवरूनच पोरं नाव सांगतील, लपवायचं काय त्यात? मला ताव चढला. मी म्हणालो, तुझ्या हट्टापायी ही पानं उंदरांनी खाल्ली असती, मी निदान छापून आणलं. त्याने पुस्तक कपाटावर ठेवलं आणि अर्धी राहिलेली पाटी रंगवायला घेतली. मी निघून आलो.

त्यानंतर तीन वर्षं. भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, गावभर माझी बदनामी केली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्याने काहीच केलं नाही. बाजारात दिसला की मान हलवायचा, मीही हलवायचो. माझी हिंगोलीला बदली झाली. त्याच्या लग्नाचं बोलावणं आलं, मी गेलो नाही. कोणी कोणाला कशासाठी माफ करायचं हे आधी त्याने सांगावं अशी माझी अट होती... आता ही अट कोणापुढे ठेवू? त्याच्या अशा गप्प बसण्यावर मी आजही चिडतो. मनावरचं ओझं उतरवायची संधी त्याने मला दिलीच नाही.

त्याच्या दिवसकार्याला, पुण्यानुमोदनाला, मी गेलो नाही. इतक्या लोकांत कोणत्या तोंडाने बसणार होतो? पंधरा दिवसांनी एका रविवारी दुपारी एकटाच बाळापूरला गेलो, त्याच पुलावरून. सटवाजीमामा बाजेवर बसले होते. आता निवृत्त झालेत, हात थरथरतो. किसनची बायको माहेरी गेली होती. मामांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि काही न विचारता आतून पत्र्याची पेटी ओढत आणली. कपड्यांखालून त्यांनी माझं पुस्तक काढलं. उघडायला जड गेलं, पानं एकमेकांना चिकटली होती, रंगाचा वास अजून येत होता. प्रत्येक पानावर, प्रत्येक चित्रात, जिथे जिथे मुखवटा होता तिथे किसनने पाट्यांच्या तेलरंगाने तो बुजवला होता आणि वर चेहरा काढला होता. नखाएवढ्या जागेतसुद्धा. देवीचे वण, बारीक डावा डोळा. पूल पडतो त्या पानावरही तोच चेहरा, पूल त्याने तसाच पडू दिला होता. बत्तीस पानं. वर्षभर तरी लागलं असेल. मी पहिलं पान उलटून मुखपृष्ठ पाहिलं. माझ्या नावाला त्याने हात लावला नव्हता.

मामांना वाचता येत नाही. ते एकेका चित्रावर बोट ठेवत होते, आणि समोर पुस्तकातला चेहरा आणि पुस्तकाच्या वर तोच चेहरा म्हातारा झालेला, असं मी बघत बसलो. ते म्हणाले, "किसन मला म्हने, पुन्याच्या लोकायनं तुमचं तोंड कधी पाह्यलं न्हाई, म्हनून झाकलं. त्यायचं काय चुकलं मंग?" त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, एखादी राहून गेलेली बारीक गोष्ट विचारावी तसं विचारलं. "पर तुमी तं पाह्यलं होतं, मास्तर. सांगायचं होतं एकदा त्यायला."

मी म्हणालो, "सांगितलं होतं, मामा. त्यांनी ऐकलं नाही."

"जाऊ द्या मंग," ते म्हणाले आणि पुस्तक परत पेटीत कपड्यांखाली ठेवून आले. मग चहा ठेवायला उठले.

मी सांगितलं नव्हतं. पुण्यात त्या प्रकाशकांनी चित्रावर पेन्सिल टेकवून मला सरळ विचारलं होतं, हा असा चेहरा कोणाचा आहे, कोणी खरा माणूस आहे का? तसं असेल तर ठेवू म्हणाले होते, मुखवट्याचं दुसरं काही बघू. आणि मी म्हणालो, कोणाचा नाही, असाच काढलाय. एवढा एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर येणारा त्या खोलीत मी एकटा होतो. किसनला हे मी सांगितलं नाही, आणि त्या रविवारी मामांचा चहा पिऊन उठलो तेव्हाही सांगितलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे. बाळापुरात वर्तमानपत्राची ही पुरवणी ज्याच्या हाती पडेल त्याने एवढा शेवटचा परिच्छेद बौद्धवाड्यात जाऊन सटवाजीमामांना मोठ्याने वाचून दाखवावा. त्यांच्यासमोर बसून बोलणं मला जमलं नाही.